सातवा बाजार

पश्चिम आफ्रिकेत, घानाच्या उत्तरेला, साकपेली नावाचं लहानसं गाव आहे. तिथे दर सहा दिवसांनी बाजार भरतो. आसपासच्या खेड्यांतल्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन पहाटेच निघतात. खेड्यांत मोबाईलला रेंज नाही, ती साकपेलीत. म्हणून दुबईत, ऊद मेथा भागात घरकाम करणारी मेमुना अशाच एका खेड्यातल्या आईशी बोलायची ती बाजाराच्याच दिवशी, भाऊ अल्हसनच्या फोनवर.

पण मेमुनाची सुट्टी रविवारची, आणि एरवी तिचा मोबाईल मालकीणबाई संजनाच्या कपाटात. रविवार आणि बाजार एकत्र यायचे बेचाळीस दिवसांनी, दर सातव्या बाजाराला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती त्या तारखेला पेन्सिलीने बारीक ठिपका देऊन ठेवी.

एकदा नेमका ठिपक्याच्या रविवारी संजनाच्या मुलीचा, दियाचा वाढदिवस आला.

“मेमुना, आज छुट्टी मत लो हं. कल ले लो, सेम ही तो है.”

“मॅडम, मोबाईल ओन्ली फाइव्ह मिनिट. मदर मार्केट में आती है.”

“अगं बाई, वीस माणसं जेवायला आहेत! मदर कहाँ भाग रही है? यल्ला, चलो, पहले पुरी का आटा.”

बाजाराचं गणित हिंदीत कसं समजवायचं, मेमुनाला सुचेना. “ओके मॅडम,” म्हणून तिने परात ओढली.

सोमवारी फोन लागला नाही. लागणार नव्हताच.

पुढचे बेचाळीस दिवस भांडी घासताना ती आईची समजूत काढणारी वाक्यं मनात जुळवत राहिली. शेवटी तो रविवार उजाडला. दुपारी दोनला, म्हणजे तिकडे सकाळी दहाला, बागेतल्या बाकावर बसून तिने फोन लावला. पलीकडे बाजाराचा गलका होता.

“आईला दे.”

अल्हसन म्हणाला, “आई गेली गं. दोन बाजार झाले. तापाने गेली, त्याच दिवशी माती दिली.”

मेमुनाने बाकाची कड धरली. तिने विचारलं, “त्या दिवशी मी फोन केला नाही... रागावली होती?”

“रागावेल कशाला? म्हणाली, पोरगी कामात असेल, पुढच्या बाजाराला करेल. मी सांगितलं, अगं आई, आता एकदम सातव्या बाजाराला. ऐकेचना. त्यानंतर चार बाजार चालत आली. शेवटच्या खेपेला अंग तापलेलं होतं तिचं.”

“किती वेळ बसायची?”

“बाजार उठेपर्यंत. मला म्हणायची, तू जा, खाऊन ये. फोन माझ्या हातात दे.”