तिथीची पाऊणपट

आरोंद्याची सारिका पुण्याची नोकरी सोडून घरी आली, ती खाडीवरच्या होडी संस्थेचं काम मिळालं म्हणून. आठ दिवसांची चाचणी होती. त्यात चूक निघाली, तर पुन्हा पुण्याची वाट.

काम वरवर सोपं होतं. ओहोटीला होडी गाळात रुतते, म्हणून होडी कधी सुटेल ते लोकांना मोबाइलवर दिसावं. सारिकाने फ्रेमवर्क वापरून छोटी रेस्ट सेवा, म्हणजे मोबाइलला वेळ पुरवणारा प्रोग्रॅम, उभी केली. ती एका कंपनीच्या सेवेला भरतीची वेळ विचारी. उत्तर जागतिक वेळेत येई. भारतीय वेळ काढायला सारिका त्यात साडेपाच तास मिळवी.

पाचव्या दिवशी होडी चालवणारे तिचे काका गणपत तांडेल डोळे तपासायला सावंतवाडीला गेले. त्यांच्या जागी होडीवर आलेल्या निलेशने मोबाइल बघून साडेअकराला होडी सोडली आणि ती अकरा माणसांसह गाळात बसली.

संध्याकाळी काकांनी विचारलं, "आज तिथी कितवी?"

"अष्टमी."

"आठाची पाऊणपट?"

"सहा."

"मगे भरती सकाळी सहाक. साडेअकराक पाणी खंय आसतला, तुझ्या मोबाइलात?"

सारिकाने कंपनीकडून आलेली उत्तरं उघडून तपासली. कंपनीने न कळवता भारतीय वेळ पाठवायला सुरुवात केली होती. तिचे साडेपाच तास त्यावर चढून सहाचे साडेअकरा झाले होते. उत्तरावर शिक्का मात्र रोजचाच, सर्व ठीक. तिने चार मेल केले. एकच उत्तर आलं: आमची सेवा सुरळीत आहे.

तिने आपले साडेपाच तास काढून टाकले. मग चिडूनच काकांचं गणित कोडमध्ये घातलं. कंपनीच्या आणि काकांच्या वेळेत तासाहून जास्त फरक पडला, तर वेळ दाखवायचीच नाही; काकांचा फोन नंबर दाखवायचा.

आठव्या दिवशी, एकादशीला, कंपनी गुपचूप पुन्हा जागतिक वेळेवर गेली. सारिकाच्या पानावर नुसता नंबर उरला. सकाळपासून काकांना सतरा फोन आले.

"ह्या यंत्र तुझा की माझा गो?" काका म्हणाले.

संस्थेच्या सचिव सुभद्राबाई धक्क्यावरच उभ्या होत्या. "त्या दिवशी रुतली ती रुतली. आज होडी रुतली नाही ना? मग काम चालू ठेव. पण तांडेलांचा नंबर काढू नकोस."

सारिकाने मान हलवली आणि कंपनीला पाचवा मेल लिहायला बसली.