रेघोबाचा ओढा

कचेरीत त्याला सगळे रेघोबा म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं, आणि तिथेच ते सुखाने नांदत होतं. पस्तीस वर्षं त्याने एकच काम केलं. खाली जुना नकाशा पसरायचा, वर पारदर्शक कापड ताणायचं, चार कोपऱ्यांवर पितळी वजनं ठेवायची आणि खालची रेघ जशीच्या तशी वर उतरवायची. नद्या, रस्ते, गावांच्या शिवा, आणि सगळ्यांत शेवटी मतदारसंघाची हद्द: एक टिंब, एक रेघ, एक टिंब, एक रेघ. साहेब लोक भिंग लावून त्याचं काम बघत आणि खोट सापडत नाही म्हणून जरा खट्टू होऊन पुढे जात.

माणूस मात्र अर्धा इथे आणि अर्धा कुठेतरी. दुपारी खिडकीतला उजेड कापडावर पडला की त्याला खालचे ओढे वाहताना दिसत, पाण्याचा आवाजही येई. समोरचा चहा निवून जाई. "जेवायला बसतात तेव्हाही निम्मे नकाशातच असतात," त्याची बायको सांगे. "भाजीत मीठ नव्हतं हे यांना दुसऱ्या दिवशी कळतं."

नोकरीला लागला तेव्हा वरिष्ठ आरेखकाने त्याला एक नियम घालून दिला होता. ज्या गावाचं पाणी आपण प्यायलो, त्या गावाचा नकाशा आपण काढायचा नाही. मुकाट दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायचा. का, ते त्या म्हाताऱ्याने सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही.

दुसऱ्याच वर्षी मतदारसंघांची पुनर्रचना निघाली आणि त्याच्या टेबलावर नेमका ताईच्या वस्तीचा नकाशा आला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा यालाही ती आपल्याबरोबर सासरी घेऊन गेली होती, आणि तो तिथे चार वर्षं राहिला होता. चाळीस घरांची वस्ती, मागे ओढा, पुढे एक उथळ चर, चरापलीकडे शाळेचं गाव. आता ताईचं घर आपल्या हाताने काढायला मिळतंय म्हटल्यावर नियम कोण पाळतो? त्याने नकाशा सरकवला नाही.

आणि इथेच घात झाला. पावसाळ्यात घरापुढचा तो चर दुथडी भरून वाहायचा. लहानपणी पायरीवर बसून, पाय पाण्यात सोडून त्याने तासन् तास घालवले होते. त्या दुपारी कापडावर ओढा काढताना त्याच्या पायांना तेच गार पाणी लागलं. हात चालत राहिला. खालच्या नकाशात ओढा वस्तीच्या मागून गेला होता. रेघोबाचा पुढून गेला. रेघ इतकी सुरेख आली होती की तपासणाऱ्या तिघांनीही सही ठोकली. हद्द ओढ्यावरून जाणार असं आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे ओढा गेला तशी हद्दही गेली, आणि अख्खी वस्ती अलगद शेजारच्या मतदारसंघात जाऊन पडली.

निवडणूक आली तेव्हा कळलं. वस्तीचं मतदान समोरच्या शाळेत नाही, खिंडीपलीकडे नऊ किलोमीटरवर. ताई त्याच्याकडे येऊन हसत हसत म्हणाली, "अरे, तुमच्या कचेरीत कुणी शुद्धीवर असतं का?" दुसऱ्या दिवशी त्याने कपाटातून नकाशा काढून बघितला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. नोकरी कच्ची होती, लग्न ठरलेलं होतं. त्याने नकाशा परत ठेवला आणि तोंडाला कुलूप लावलं.

वस्तीवाल्यांनी अर्ज केले. उत्तर आलं, हद्द नैसर्गिक आहे. सरकारच निसर्गाचा हवाला देतंय म्हटल्यावर लोक गप्प बसले. बारा वर्षांनी पुन्हा पुनर्रचना झाली. मतदारसंघाचं नाव बदललं, वरची चार गावं गेली, खालची सहा आली. पण या कोपऱ्यात नव्या आरेखकाने रेघोबाच्याच नकाशावर कापड ताणलं. चूक आता वडिलोपार्जित झाली.

ताईचे यजमान गवंडी. ती समोरची शाळा त्यांनीच बांधलेली. पहिल्या निवडणुकीला ते खिंडीतून चालत जाऊन आले. पुढे परांचीवरून पडले, कंबर मोडली आणि त्यांच्यापुरती खिंड कायमची बंद झाली. पक्षाच्या गाडीत बसायला तयार नाहीत. ज्याची गाडी त्याचं मत, असं लोक म्हणतील म्हणून. वस्तीतल्या पोरांनी खुर्चीत बसवून नेतो म्हटलं, तर म्हणाले, "मत द्यायला नेताय की पोचवायला?" मग दर निवडणुकीला सगळी वस्ती खिंडीकडे निघे आणि दाजी पायरीवर बसून आपणच बांधलेल्या शाळेकडे बघत राहत.

रेघोबा आला की ते हमखास म्हणत, "ज्या शहाण्याने ही हद्द काढली ना, त्याला एकदा माझ्याकडे घेऊन ये. मारणार नाही रे. घरामागचा ओढा दाखवीन फक्त."

रेघोबा मान खाली घालून ताटातला भात चिवडत बसे.

निवृत्तीला सहा महिने उरले असताना तिसरी पुनर्रचना निघाली. हरकतींसाठी वीस दिवस. नुसत्या अर्जावर काय उत्तर येतं, ते त्याला तोंडपाठ होतं. मूळ नकाशाच चुकला आहे, हे सांगू शकणारा एकच माणूस होता. दाजींना अठ्ठ्याहत्तरावं लागलेलं. पुढच्या पुनर्रचनेपर्यंत कोण थांबणार? आणि या हाताशिवाय रेघोबाकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. सतरा दिवस त्याने असेच काढले. अठराव्या दिवशी तो वस्तीवर गेला.

"दाजी, तो शहाणा मी."

ताई पोळी लाटत होती. तिचा हात थांबला. त्याने सगळं सांगितलं. चर, पाणी, ती दुपार, कपाट.

"तेहेतीस वर्षं या घरात जेवून गेलास रे," ताई म्हणाली. "एकदाही घास अडकला नाही?"

दाजींनी काठी घेतली आणि ते आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रेघोबाने आपल्या नावाने हरकत दाखल केली. सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी नकाशा उलगडून विचारलं, "कुणी काढलाय हा?"

"मी."

"चूक कशी झाली?"

"आठवणीतून काढला, मॅडम. बघून काढायला हवा होता."

मग त्यांनी मोजणीदार पाठवला. त्याचा अहवाल आला आणि ती जुनी रेघ कापडावरून खरवडायचं काम रेघोबालाच मिळालं. ब्लेडच्या टोकाने तो दोन दिवस खरवडत होता. निरोपाच्या भाषणांत त्याच्या हाताबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्याला ते लागलं, खूप लागलं.

दाजी त्यानंतर आठ महिने त्याच्याशी बोलले नाहीत. तो आला की ते भिंतीकडे तोंड करून पडत.

मतदानाच्या दिवशी रेघोबा सकाळीच शाळेच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. वस्तीवर जायची हिंमत नव्हती. दाजी निघाले. चारशे पावलं असतील. त्यांना पाऊण तास लागला. कोरड्या चराच्या काठावर ते बराच वेळ टेकले. मग उठले, याच्या समोरून गेले, बघितलंही नाही. आत जाताना त्यांनी तळहाताने भिंत चाचपली.

बाहेर आले ते थेट त्याच्यापुढे येऊन थांबले. डाव्या हाताचं बोट त्यांनी त्याच्या नाकासमोर धरलं. नखावर शाईची ओली रेघ होती.

"बघ नीट," दाजी म्हणाले. "ही बाकी जागेवर पडली."

दाजींनी काठी त्याच्या हातात दिली आणि स्वतः त्याचा खांदा धरला. "चल. तुझी ताई जेवायची थांबलीय."

दोघे हळूहळू चरात उतरले. रेघोबाने सवयीने कान दिला. पाण्याचा आवाज नव्हता. नुसती वाळू होती, आणि तिच्यावर दाजींची पावलं उमटत होती.