कोरडीकाकूंचा हात

मत्स्यबीज केंद्रात त्यांना सगळे कोरडीकाकू म्हणत. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नव्हती. नर माशाचं पोट दाबून शुक्र काढायचं काम काकूंचं, आणि वाडगा धरायला त्यांची सून. मासा पुसा, हात पुसा, वाडगा पुसा. कुठे थेंब दिसला की सुनेची हजेरी घेतलीच म्हणून समजा.

काकूंचा हा कोरडेपणाचा हट्ट उगाच नव्हता. शुक्रजंतू नराच्या पोटात तयार होतात तेव्हा त्यांना पोहता येत नाही. बाहेरच्या वाटेवरच्या नळीतून उतरताना ती ताकद अंगात येते, तरी ते गपगार पडून राहतात. पाणी लागलं की मात्र सुसाट सुटतात आणि मिनिटभरात दमून संपतात. म्हणून शुक्र आधी अंड्यांवर कोरडंच घालायचं, पाणी नंतर ओतायचं. हा क्रम चुकला की सगळा बट्ट्याबोळ.

यंदा तोच झाला. अंडी पांढरी पडून वाया जायला लागली. वाडगा ओला राहत असणार असं धरून केंद्राच्या साहेबांनी सांगून टाकलं, "आणखी एक खेप गेली तर सुनेला कामावरून काढणार." काकूंनी मान डोलावली. शिवाय घरी जेवताना तिला सुनावलं, "माझ्या नावाला काळिमा फासलास."

पुढच्या खेपेला साहेबांनी वाडग्यातलं शुक्र तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. "पाणी घालायच्या आधीच हे जंतू पळून थकलेत," ते म्हणाले. सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं. काकू तिला झापणार, तेवढ्यात त्यांची नजर स्वतःच्या मनगटावर गेली. घामाचा ओघळ बोटांपर्यंत उतरला होता आणि टोकाशी थेंब लोंबत होता. तळवे अलीकडे घामेजत होते खरे, पण वयाचं असेल म्हणून त्यांनी कानाडोळा केला होता.

"हिचं काही चुकलेलं नाही, साहेब," काकू म्हणाल्या. "माझाच हात ओला आहे."

बाहेर नळापाशी त्यांनी सुनेला गाठलं. "तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं, आई. कधीपासूनच."

"मग बोलायला काय झालं होतं?"

"मला दुसरीकडे काम मिळालं असतं. तुम्हाला या वयात कुणी दारात तरी उभं केलं असतं का?"

काकूंना भडभडून आलं. त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि मोकळेपणी रडल्या. सून शेजारी बसून राहिली.