कांडी नसलेला लूम

मंजुळाताई पहिल्यांदा माझ्या वर्गात आल्या आणि त्यांनी मलाच बाहेर काढलं. "बाई, तुम्ही जरा व्हरांड्यात बसा. तुम्ही असलात की पोरं उगाच शहाणी होतात." भिवंडीजवळच्या राहनाळच्या शाळेत मी पहिलीचा वर्ग घ्यायचे. स्वतःच्या वर्गातून हाकलली गेलेली मी बहुधा जिल्ह्यातली एकमेव शिक्षिका असेन. राग आला, पण खिडकीतून पाहत राहिले.

ताई लहान मुलांची चित्रपुस्तकं करायच्या. छापायच्या आधी प्रत्येक पुस्तक त्या आमच्या वर्गात वाचून बघत. जवळच दापोड्याला असलेल्या पुतण्यांच्या गोदामात खोक्यांतून निघणारा तपकिरी कागद शिवून कच्ची प्रत बनवायच्या, ती मुलांसमोर धरायच्या आणि स्वतः पुस्तकाकडे चुकूनही बघायच्या नाहीत. गोष्ट पाठ असायची. नजर मुलांवर. एखादं पोर खिडकीबाहेर बघायला लागलं, शेजारच्याला चिमटा काढायला लागलं, की ते पान तिथल्या तिथे टरकावून पिशवीत. "पोरगं हाललं का पान गेलं," हा त्यांचा कायदा. एकदा सोळा पानांचं पुस्तक घेऊन आल्या आणि पाच पानांचं घेऊन परत गेल्या. वर मलाच म्हणाल्या, "आजचा दिवस झकास गेला!"

चित्रकलेच्या कुठल्या शाळेत त्या गेल्या नव्हत्या. भिवंडीत कापडाच्या ताग्यांवर लावायची लेबलं काढत त्यांचं आयुष्य गेलं होतं. मोर, पोपट, कमळ. पुतणे म्हणायचे, "आत्या, आता आराम कर, काय पोरखेळ लावलास?" त्यावर ताईंचं उत्तर ठरलेलं, "पोरखेळच हाय तो. मोठ्यांना जमाचा न्हाय." दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रं काढायचं काम अधूनमधून मिळे, पण स्वतःची गोष्ट आणि स्वतःची चित्रं असलेलं पुस्तक काही निघत नव्हतं. बारा वर्षं साभार परत येत होतं. आणि अखेर पुण्याच्या एका प्रकाशकाने होकार दिला. ताई तेव्हा बासष्टच्या होत्या. पेढ्यांऐवजी वर्गात त्यांनी उकडलेल्या शेंगा वाटल्या, कारण पेढ्याने कागद तेलकट होतो!

पुस्तक होतं लूम, म्हणजे कापडाचा यंत्रमाग, चालवणाऱ्या बापाचं आणि त्याला डबा नेऊन देणाऱ्या पोरीचं. चित्रं बुधवारपर्यंत पोचायला हवी होती. नाहीतर या वर्षी छापणं होणार नाही, असं प्रकाशकाने बजावलं होतं. सोमवारी ताई शेवटचं वाचन करायला आल्या. मुलं चिकटल्यासारखी बसली होती. एकही पान गेलं नाही. मी व्हरांड्यात मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते.

तेवढ्यात प्रीती उठली. ही उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबातली मुलगी. जूनपासून वर्गात होती, पण तिने अजून एक शब्द उच्चारला नव्हता. सगळे उपाय करून मी हात टेकले होते. ती सरळ पुस्तकापाशी गेली, लूमच्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इसमें कांडी नहीं है. कपड़ा कैसे बनेगा?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंना मात्र भलतंच पडलं होतं. "कांडी म्हंजे काय गं?" प्रीतीने त्यांचा हात धरला आणि शाळेमागच्या कारखान्यात नेलं. तिथे तिची आई सीमा मशीनवर बोटाएवढ्या नळ्यांवर सूत गुंडाळत बसली होती. ती नळी म्हणजे कांडी. ती मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवल्याशिवाय लूम एक धागाही विणत नाही. ताई तासभर तिथेच उभ्या राहिल्या. परत आल्या त्या कपाळाला हात लावून. "बाई, साठ वर्षं मी या लूमचा नुसता आवाज ऐकत बसले. कापडावर मोर चिकटवले. आत काय चाललंय, बघाला एकदा गेले न्हाय."

मी म्हटलं, "ताई, कोपऱ्यात एक नळी काढा आणि पाठवून द्या. दोन दिवस आहेत हातात."

"तुमच्या पोरीनं वर्षात पयल्यांदा तोंड उघडलं," ताई म्हणाल्या, "आणि तिला मी कोपऱ्यातली नळी दाखवू?"

सगळं पुस्तक पिशवीत गेलं. प्रकाशकाला त्यांनी फोनवर सांगितलं, "चूक झाली, नव्याने काढते." मी आठ दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. या वयात, हाताशी आलेलं पुस्तक कुणी असं सोडून देतं का? ताई मात्र रोज दुपारी कारखान्यात जाऊन बसायच्या आणि सीमाच्या शिव्या खायच्या, कारण त्या मध्येच सूत ओढून बघायच्या. नवी गोष्ट बापाची राहिली नाही. ती कांडी भरणाऱ्या आईची झाली.

दोन वर्षांनी पुस्तक निघालं. ताईंनी सीमाला वर्गात बोलावून पहिली प्रत तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "हमको पढ़ना कहाँ आता है?"

"मना तरी कांडी कुठं येत होती? नुसती चित्रं बघा आन सांगा."

सीमाने पदराला हात पुसले आणि पानं उलटत वर्गाला गोष्ट सांगायला लागली. ताईंनी लिहिलं होतं, 'आई सूत गुंडाळते.' सीमा म्हणाली, "इसकी कमर दुख रही है. बच्ची को बताती नहीं." एकही मूल हललं नाही. ताई माझ्या कानात म्हणाल्या, "बाई, मी काढलं, पन मना दिसलं न्हवतं." त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि कोऱ्या करकरीत पुस्तकातलं स्वतःचं वाक्य खोडून टाकलं.

दुसरी आवृत्ती यायच्या आधीच ताई गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. मला अजूनही त्यांची फार आठवण येते. पण नव्या आवृत्तीत त्यांनी सांगून ठेवलेलं सगळं होतं. मी प्रत घेऊन कारखान्यात गेले. प्रीती आता चौथीत होती. तिने आईला आधी आईच्याच शब्दांतलं ते बदललेलं वाक्य वाचून दाखवलं आणि मग मुखपृष्ठावरची नावं वाचली. "गोष्ट: मंजुळा आणि सीमा."

सीमाने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग डोळे पुसत एकदम चिडून म्हणाली, "हमसे पूछा तक नहीं!" आणि माझ्या हातातली प्रत घेऊन, शेजारच्या मशीनवरच्या बायकांना दाखवायला निघून गेली.