निळ्या दगडाचा पुसलेला नंबर

आमच्या शेजारचे दगडोबा प्रयोगशाळेत खडक घासून इतके पातळ करतात, की त्यातून उजेड आरपार जातो. तीस वर्षं हेच काम; जावई काय करतो असं कुणी विचारलं की सासरेबुवा अजून विषय बदलतात.

परवा ते एक निळसर दगड घरी घेऊन आले. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राचा तळ जमिनीखाली खोल सरकला, तिथल्या दाबानं निळा झाला आणि पुन्हा वर आला, त्याचा हा तुकडा. वहिनींनी तो साबणानं लख्ख धुतला आणि त्यावर लिहिलेला नंबरही गेला.

"अगं, नंबराशिवाय हा कुठल्या डोंगरातला हे कळणार कसं? आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमचा दोन वर्षांचा अभ्यास बुडाला!"

"मग घरी मिरवायला आणलात कशाला?"

"रस्त्यावरचा दुसरा द्या," मी सुचवलं. दगडोबांनी मला डोळ्यांनीच पातळ घासलं.

तसेच आम्ही प्रयोगशाळेत धावलो. कापलेल्या दगडांचे नंबर घातलेले दुसरे अर्धे भाग खणात होते. दगडोबा आमच्या तुकड्याला ते एकेक जोडून पाहू लागले. आमच्या दगडातली लाल खड्यांची रेघ चौथ्या तुकड्यावर बरोबर पुढे चालू राहिली. दगडोबांनी त्यावरचा नंबर आमच्या दगडावर उतरवला आणि वहिनींना फोन लावला.

"सापडला गं! पण यापुढे तू काही धुवायचं नाहीस."

"चालेल. भांडी आजपासून तुमची."

"धुतो की!" दगडोबा चक्क हसले.