पार्किंगमधला राजकीय विश्लेषक

मंडळी, गेली कित्येक वर्षं मी पार्सिपनीत बसून अमेरिकेच्या राजकारणावर रोज या ग्रुपवर तुमचं डोकं खातो. आज गप्प बसायची वेळ माझ्यावर आली.

माझ्या मुलीचं, इथेच जन्मलेल्या सईचं, आज पहिलं मतदान. महिनाभर ती मित्रमैत्रिणींबरोबर घरोघरी जाऊन लोकांना मतदानासाठी बाहेर काढत होती. तरीही गाडीत मी तिला वाटभर लोकशाही समजावली.

मतदान केंद्रापाशी ती म्हणाली, "चल ना बाबा, टुगेदर जाऊ."

"मला नाही करता येत गं मतदान. माझं अजून ग्रीन कार्डच आहे."

"व्हॉट? पण घरात सगळ्यात जास्त तर तूच बोलतोस!"

भारताचा पासपोर्ट सोडवत नाही, असं मी पार्ट्यांमध्ये गहिवरून सांगतो. खरं तर सिटिझनशिपचा अर्ज निव्वळ कंटाळ्यापायी ड्रॉवरमध्ये पडलाय. आणि भारतात होतो तेव्हा मतदानाच्या सुट्टीला आम्ही लोणावळ्याला जायचो. थोडक्यात, बावन्न वर्षांत मी जगात कुठेही, एकदाही मतदान केलेलं नाही.

सई हसली नाही. "इतकी दारं वाजवली मी, बाबा. आपल्याच घरात विचारायचं राहिलं."

ती एकटीच आत गेली. मी पार्किंगमध्ये थांबलो. बाहेर आल्यावर तिनं मतदान केल्याचा तो छोटा स्टिकर माझ्या शर्टाला चिकटवला. "ड्राइव्ह तर तू केलंस."

स्टिकर अजून शर्टावर आहे. काढवत नाही, आणि लावून कुणासमोर जाववतही नाही.

खरं सांगा, तुमच्यापैकी कितीजणांचा अर्ज ड्रॉवरमध्ये आहे?