मिस्सेनंतरची गोळी

"आधी देव, मग बाकी सगळं," असं म्हणत टीचर गळ्यावरून हात फिरवायच्या. गिरीज गावच्या शाळेत आम्ही दोघी शिकवायचो, आमचे वर्ग शेजारी होते. गावभर त्यांना टीचर म्हणत, मीही तेच म्हणायचे. चर्चच्या गायनमंडळात गाण्याची पहिली ओळ टीचरच उचलायच्या, बाकीचे मागून.

मग त्यांचा आवाज बसला. अंग सुजलं, केस गळायला लागले आणि भर मे महिन्यात अंगात स्वेटर! तपासणीत थायरॉइड मंद निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली. डोस वाढत गेला, रिपोर्ट मात्र सुधारेना. टीचरांनी थायरॉइडला वाईट म्हणून घरच्या वाडीतला कोबी सोडला, कुणीतरी सांगितलं म्हणून धण्याचं पाणी प्यायल्या, कसली कसली पावडर मागवली.

"अहो टीचर, शिजवलेल्या कोबीने काय होणार आहे?"

"तू गप गं. ईस्टरपर्यंत मला गळा पाहिजे."

एकदा डबा खाताना मी विचारलं, "गोळी घेता कधी?"

"सकाळी चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेहून आले की. चहा, पाव, कॅल्शियम, लोहाची गोळी, सगळं एकदम. म्हणजे विसरायला होत नाही."

"अहो, ती उठल्या उठल्या, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते, नाहीतर अंगाला लागत नाही!"

"मिस्सेत कम्युनियनचा प्रसाद घेण्याआधी तोंडात काही घालायचं नाही. आईने शिकवलंय."

"डॉक्टरांना हे सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, रोज घेता ना? रोज घेते की!"

मी कपाळाला हात लावला. शाळा सुटल्यावर त्यांना थेट फादरांकडे नेलं. फादर हसले. "टीचर, औषधपाण्याने उपवास मोडत नाही."

बाहेर येऊन त्या चिडल्या. "मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" मीही चिडूनच म्हणाले.

सगळं ऐकून डॉक्टरांनी गोळी उठल्या उठल्या आणि चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने घ्यायला सांगितला, कॅल्शियम आणि लोह दुपारच्या जेवणानंतर. हळूहळू सूज उतरली. एके दिवशी भिंतीपलीकडून टीचरांच्या आवाजात कविता ऐकू आली, खणखणीत. मला इतका आनंद झाला की मी वर्ग सोडून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

पण तोवर पहिली ओळ गावातल्या एका नव्या सुनेकडे गेली होती.

"मागून घ्या की परत!"

"कशी मागू? केवढी मेहनत करते ती."

"मग एवढा खटाटोप कशासाठी केला आपण?"

त्या वह्या गोळा करून वर्गात निघून गेल्या. मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू!

ईस्टरला मी त्यांच्याबरोबर चर्चमध्ये गेले. त्या शेवटच्या बाकावर बसल्या. ती सून पहिल्याच ओळीला घसरली, मागचे सगळे अडखळले. मी टीचरांना कोपराने डिवचलं. "म्हणा ना मोठ्याने!"

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला आणि ती ओळ अगदी हळू म्हटली. सूर अचूक लागला होता. माझ्याशिवाय कुणालाच ऐकू गेला नाही.